मिरगीवर रिपोर्ट लिहायचाय? आकडा गावाचा द्या, नाव कुणाचं देऊ नका

घोडेगावचा शुक्रवारचा बाजार नेवासा तालुक्याबाहेरही सगळ्यांना माहीत आहे. जनावरांचे सौदे, कांद्याच्या गाड्या, चहाच्या टपऱ्या, हायवेची वर्दळ. अशा गर्दीत एखादा माणूस अचानक कोसळला आणि हातपाय झाडू लागला, तर पुढे काय होतं हे आपण सगळ्यांनी कुठे ना कुठे पाहिलेलं आहे. कुणी कांदा फोडून नाकाशी धरतं. कुणी चप्पल हुंगवतं. कुणी दातांत चमचा घालायला धावतं. दोन-तीन मिनिटांत माणूस शांत होतो आणि श्रेय कांद्याला मिळतं. खरं म्हणजे बहुतेक झटके आपोआप थांबतात, कांदा असो वा नसो.

हाच आजार म्हणजे मिरगी. कुणी फेफरे म्हणतं, कुणी फिट, पुस्तकात अपस्मार लिहितात. आज आपल्या घरातल्या मुली-मुलं नर्सिंग, डी. फार्मसी, समाजकार्य, होमिओपॅथी, बी. एस्सी. करत आहेत. शेवटच्या वर्षाला प्रकल्प असतो आणि बरेच जण मिरगी हा विषय घेतात. मग काय होतं? इंटरनेटवरून वीस पानं उतरवायची, मेंदूचं एक रंगीत चित्र लावायचं, स्पायरल बाइंडिंग करायचं. मार्क मिळतात, रिपोर्ट कपाटात जातो. गावात मिरगी असलेल्या मुलीच्या आयुष्यात मात्र काडीचाही फरक पडत नाही.

असा रिपोर्ट नीट कसा लिहायचा, हे या लेखात पाहू. ज्यांच्या घरात विद्यार्थी आहे आणि ज्यांच्या घरात रुग्ण आहे, त्या दोघांनीही हे वाचावं.

आधी आजार समजून घ्या

मेंदूतल्या पेशी एकमेकींशी विजेच्या सूक्ष्म संदेशांतून बोलतात. काही क्षण हे संदेश एकदम, बेताल सुटले की झटका येतो. एक झटका आला म्हणजे लगेच मिरगी झाली असं नाही. ताप चढल्यावर लहान मुलांना येणारी आकडी वेगळी. साखर एकदम खाली गेल्यावर येणारा झटकाही वेगळा. असं तात्कालिक कारण नसताना, २४ तासांपेक्षा जास्त अंतराने दोन झटके आले, किंवा एकाच झटक्यानंतर तपासणीत पुन्हा झटका येण्याची दाट शक्यता दिसली, तर डॉक्टर त्याला मिरगी म्हणतात. मिरगीच्या डॉक्टरांच्या जागतिक संघटनेने २०१४ मध्ये हीच व्याख्या मांडली.

प्रत्येक झटक्यात माणूस पडतोच असंही नाही. वर्गात बसलेलं मूल काही सेकंद टक लावून बघत राहतं, हाक मारली तरी ऐकत नाही, मग पुन्हा लिहायला लागतं. बाई म्हणतात, लक्ष नाही. ती मिरगीही असू शकते.

कारणं अनेक आहेत. जन्माच्या वेळी बाळाला प्राणवायू कमी पडणं, मेंदूज्वर, अपघातात डोक्याला मार, लकवा, मेंदूतली गाठ, काही वेळा आनुवंशिकता. बऱ्याच रुग्णांत कारण सापडतच नाही. तो संसर्गाने पसरत नाही. रुग्णाला हात लावल्याने, त्याचं उष्टं खाल्ल्याने कुणाला होत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे ५ कोटी लोकांना मिरगी आहे आणि त्यातले जवळपास ८० टक्के गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात. योग्य औषध वेळेवर मिळालं तर ७० टक्क्यांपर्यंत रुग्ण झटक्यांशिवाय जगू शकतात. म्हणजे औषध आहे, ते रुग्णापर्यंत पोहोचत नाही. आपल्या रिपोर्टचं खरं काम इथूनच सुरू होतं.

आधी कुणी मोजलं?

चाळीस वर्षांपूर्वी मुंबईत एक काम झालं, ते आपण डोळ्यांसमोर ठेवण्यासारखं आहे. मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. नादिर भरूचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतल्या पारशी वसाहतींमध्ये घरोघर जाऊन पाहणी केली. १४,०१० लोकांची माहिती घेतली. १९८८ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झालं. हजार लोकांमागे मिरगी झालेले ४.७ लोक सापडले. एका लहान समाजाने आपल्या आजाराकडे न लाजता बघितलं, म्हणून हा आकडा आज सगळ्या देशाला माहीत आहे.

पुढे केरळमध्ये २,३८,१०२ लोकांची पाहणी झाली. २००० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात हजारी ४.९ रुग्ण मिळाले. त्यातल्या ३८ टक्के रुग्णांना औषध सुरूच नव्हतं, तेही शिक्षणात पुढे असलेल्या केरळमध्ये. बंगळूर भागातल्या २००४ च्या पाहणीत शहरात हजारी ५.७, तर खेड्यांत हजारी ११.९ असा फरक निघाला. खेड्यात जवळपास दुप्पट.

आता साधा हिशोब करा. दहा हजार वस्तीचं गाव धरलं, तर त्यात ५० ते १०० माणसं मिरगीची असू शकतात. तुमच्या ओळखीत किती आहेत? दोन? तीन? बाकीची कुठे गेली? ती घरातच आहेत, फक्त बोलली जात नाहीत.

प्रश्न एकच घ्या, पण आपला घ्या

"अपस्मार: कारणे, लक्षणे व उपाय" हे रिपोर्टचं शीर्षक नाही, तो पुस्तकातला धडा आहे. रिपोर्टला एक प्रश्न लागतो आणि तो एवढा लहान हवा की दोन-तीन महिन्यांत, एसटीने फिरून, एका वहीत त्याचं उत्तर मिळावं. काही नमुने बघा.

पहिला झटका आणि पहिला डॉक्टर यांच्यात किती दिवस गेले आणि ते कुठे गेले?

गेल्या एका महिन्यात किती गोळ्या चुकल्या आणि का? पैसे नव्हते, गोळी मिळाली नाही, की बरं वाटलं म्हणून बंद केली?

रमजानमध्ये गोळीची वेळ कशी सांभाळली? डॉक्टरांना विचारलं होतं का?

शाळेत झटका आला तर काय करायचं, हे गावातल्या किती शिक्षकांना नीट सांगता येतं?

रमजानचा प्रश्न तर आपल्याच घरातून येऊ शकतो, दुसरा कुणी तो विचारणार नाही. सकाळ-संध्याकाळ गोळी घेणारा माणूस रोजा धरतो, सहरीला उशीर होतो, झोप मोडते. गोळी चुकणं आणि झोप अपुरी होणं, या दोन्ही गोष्टी झटक्याला आमंत्रण देतात. काही रुग्णांना डॉक्टर सहरी-इफ्तारच्या वेळेप्रमाणे औषध बसवून देऊ शकतात, काहींना रोजा धरू नका असं सांगतात. आजारी माणसाला रोजाची सवलत खुद्द कुरआनने दिली आहे. पण स्वतःच्या मनाने गोळी पुढे-मागे करणं किंवा बंद करणं धोक्याचं आहे. एकदम औषध तोडलं की थांबायचं नाव न घेणारा झटका येऊ शकतो आणि त्यात जीवही जाऊ शकतो.

"आपण डुक्कर खात नाही, मग आपल्याला कसं?"

आणखी एक प्रश्न आपल्या घरांमध्ये हमखास निघतो. भारतात मिरगीचं एक मोठं कारण म्हणजे डुकरातून येणाऱ्या फीतकृमीच्या अळ्या मेंदूत जाऊन बसणं. हे ऐकलं की लोक म्हणतात, आपल्या घरात ते मांस येतच नाही, मग काळजी कशाची?

इथे संशोधनाने एक गैरसमज कायमचा मोडला आहे. न्यूयॉर्कमध्ये कडक धर्मपालन करणाऱ्या ज्यू कुटुंबांतल्या चार जणांना हाच आजार निघाला. ते लोकही डुकराचं मांस खात नाहीत. डॉक्टरांनी शोध घेतला तेव्हा धागा मिळाला तो घरात काम करणाऱ्या माणसांकडे. त्या हा जंत सर्रास असलेल्या देशांतून आलेल्या होत्या आणि एकीला त्याची लागण असल्याचं तपासणीत दिसलं. १९९२ मध्ये हा रिपोर्ट प्रसिद्ध झाला.

गोष्ट अशी आहे. नीट न शिजलेलं ते मांस खाणाऱ्याच्या आतड्यात जंत वाढतो. मेंदूत अळी जाते ती मात्र जंताची अंडी पोटात गेल्याने. ही अंडी जंत असलेल्या माणसाच्या विष्ठेतून बाहेर पडतात आणि न धुतलेले हात, घाण पाणी, कच्च्या भाज्या यांतून कुणाच्याही ताटात येऊ शकतात. कोथिंबीर, मुळा, गाजर कुणाच्या धर्माला ओळखत नाहीत. उपाय म्हणजे संडासचा वापर, साबणाने हात, भाजी नीट धुणं आणि ज्याला जंत आहे त्याला औषध. त्या कामवाल्या बाईला दोष देणं हा उपाय नाही.

चार रुग्णांचा तो रिपोर्ट जगभर वाचला गेला, कारण त्यात एकच नेमका प्रश्न होता. तुमच्याकडे सहा-आठ रुग्णच असतील तर वाईट वाटून घेऊ नका.

दारात जाऊन विचारायचं कसं?

"तुमच्या घरात मिरगी आहे का?" असं उंबऱ्यावर उभं राहून विचारलंत तर उत्तर एकच येईल: नाही. ज्या घरात लग्नाची मुलगी आहे तिथे तर दारच लवकर बंद होईल. आजाराचं नाव घेऊ नका, काय घडलं ते विचारा. "घरात कुणाला कधी अचानक शुद्ध हरपून हातपाय आखडले, तोंडाला फेस आला, जीभ चावली गेली, कपड्यात लघवी झाली, असं झालंय का? कुणी मध्येच काही क्षण हरवल्यासारखं बघत राहतं का?" पारशी वसाहतींमध्येही आधी अशीच प्रश्नावली फिरली आणि नंतर तज्ज्ञांनी तपासणी केली. हा भाग विसरू नका. आजाराचं निदान डॉक्टर करतात, विद्यार्थी नाही. ताणातून येणारे झटके, चक्कर, साखर कमी होणं, हे वरून सारखंच दिसू शकतं.

तारीख विचारून उपयोग नाही, ती कुणाच्या लक्षात राहत नाही. "त्या वर्षी रमजानच्या आधी की नंतर? कांदा काढणी चालू होती का? धाकटा तेव्हा चालायला लागला होता का?" असं विचारलं की महिन्यापर्यंत पोहोचता येतं.

सून सासूसमोर बोलणार नाही, हेही धरून चाला. मुलींशी मुलीने, जमल्यास एकटीने बसून बोलावं. आणि बोलण्याआधी साध्या शब्दांत परवानगी घ्यावी: "खाला, मी कॉलेजचा अभ्यास करतेय. तुमचं नाव कुठंच लिहिणार नाही. एखादं उत्तर द्यायचं नसेल तर देऊ नका. मध्येच थांब म्हणालात तरी मला राग नाही." हे संमतिपत्रात मराठीत लिहून, वाचून दाखवून सही किंवा अंगठा घ्यायचा. १८ वर्षांखालच्या मुलासाठी आई-वडिलांची परवानगी लागते, आणि सात वर्षांपुढच्या मुलाला स्वतःलाही विचारावं लागतं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची नियमावली हेच सांगते. कॉलेजच्या नैतिकता समितीची मंजुरी आधी घ्या, वही नंतर उघडा. आशाताईंना गावातले रुग्ण माहीत असतात, त्यांची मदत मागा, पण दवाखान्यातली यादी हळूच मोबाईलमध्ये फोटो काढून आणू नका.

नाव उघडं पडू नये

मुंबईच्या पाहणीत १४ हजार माणसं होती, त्यात एक माणूस कुणी ओळखणार नाही. आपल्या गावात तसं नाही. "घोडेगाव, २४ वर्षे, अविवाहित, शिवणकाम करते, वडील बाजारात दलाल" एवढं लिहिलं की नाव न लिहिताही सगळ्या गावाला कळतं. मग एखादं ठरलेलं लग्न मोडतं आणि रिपोर्ट लिहिणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

म्हणून रुग्णाला क-१, क-२ असे क्रमांक द्या. वय नेमकं न लिहिता "२० ते ३०" असं लिहा. गल्ली, जात, व्यवसाय, शाळा, यातलं प्रश्नाला लागत नसेल ते काढून टाका. नाव आणि क्रमांकाची जोडी वेगळ्या कागदावर, कुलपात. रुग्णाचा फोटो किंवा झटक्याचा व्हिडिओ रिपोर्टमध्ये नको. घरच्यांनी झटक्याचा व्हिडिओ काढला तर तो डॉक्टरांना फार उपयोगी पडतो, पण तो डॉक्टरांसाठीच. व्हॉट्सअॅप ग्रुपसाठी नाही.

बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीस संग्रहांत एका स्त्रीचा प्रसंग आला आहे. तिला झटके येत असत. ती प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे आली आणि दुआ मागितली. सब्र केलास तर जन्नत आहे, आणि हवं तर बरं होण्यासाठी दुआ करतो, असे दोन मार्ग तिच्यापुढे ठेवले गेले. तिने सब्र निवडला, पण एक गोष्ट मात्र मागून घेतली: झटक्यात माझं अंग उघडं पडतं, ते पडू नये. आणि तिच्यासाठी ती दुआ केली गेली. आजारापेक्षा चारचौघांत उघडं पडण्याचं दुःख तिला मोठं वाटलं. आजही मिरगीचा रुग्ण हेच मागतो. रिपोर्ट लिहिणाऱ्याने तेवढं तरी सांभाळावं.

लिहायचं कसं?

रिपोर्टचे चार भाग पुरेत. प्रस्तावना: प्रश्न काय आणि तो का घेतला, आधी कुणी काय शोधलं. पद्धत: कुठे, कधी, किती घरांत गेलात, किती जणांनी नकार दिला, काय विचारलं. नकार लपवू नका, तोही एक निष्कर्षच आहे. निरीक्षणं: जे मिळालं तेवढंच. चर्चा: त्याचा अर्थ काय, आणि हा अभ्यास कुठे कमी पडतो.

एक उदाहरण बघा, आकडे फक्त नमुन्याचे आहेत. कुणी लिहितं, "गावातील ६२.५ टक्के लोक अंधश्रद्धाळू आहेत." हे वाक्य तीन ठिकाणी चुकलं. आठच कुटुंबं असताना टक्केवारी काढली, आठ कुटुंबांना सगळं गाव केलं आणि माणसांवर शिक्का मारला. त्याऐवजी असं लिहा: "८ कुटुंबांपैकी ५ कुटुंबांनी डॉक्टरकडे जाण्याआधी इतर उपाय केले. त्यापैकी ३ कुटुंबांनी सांगितले की मेंदूच्या डॉक्टरकडे शहरात जायला पैसे आणि सोबतीला माणूस नव्हता." आता वाचणाऱ्याला कळतं की अडचण फक्त ताईत-गंड्याची नाही, एसटीच्या भाड्याची आणि बुडालेल्या रोजंदारीचीही आहे. त्यावर काहीतरी करता येतं. रुग्णाच्या घरी जाऊन उपदेश करू नका. दुआ करू नका असं कुणी म्हणत नाही. दुआ चालू ठेवा, दवाही चालू ठेवा, एवढंच सांगायचं आहे.

लग्नाच्या बाबतीत कायदा काय म्हणतो, हेही चर्चेत लिहिता येईल. हिंदू विवाह कायद्यात लग्नाच्या अटींमध्ये मिरगीचा उल्लेख होता, तो १९९९ मध्ये काढून टाकला गेला. १९३९ च्या मुस्लिम विवाह विच्छेद कायद्यात निकाह संपवण्याची जी कारणं दिली आहेत, त्यांत मिरगी नाहीच. मिरगी असलेली बाई लग्न करू शकते, आई होऊ शकते. फक्त काही गोळ्या, विशेषतः व्हॅल्प्रोएट, गर्भातल्या बाळाला घातक ठरू शकतात, म्हणून दिवस जाण्याआधीच डॉक्टरांशी बोलून औषध ठरवावं लागतं. आजार लपवून निकाह लावला की गोळ्याही लपवाव्या लागतात, गोळ्या चुकतात, आणि सासरी पहिल्याच महिन्यात झटका येतो. मिरगी असलेल्यांसाठी पुण्यात संवेदना फाउंडेशनसारखा मदतगट काम करतो, तिथे लग्नाचा विषयही मोकळेपणाने बोलला जातो.

रिपोर्ट गावाला परत द्या

काम झालं की एक पान वेगळं काढा, सोप्या मराठीत. शाळेत, बचत गटात, जुम्याच्या नमाजनंतर मशिदीबाहेर ते वाचून दाखवता येईल. १७ नोव्हेंबर हा आपल्याकडे राष्ट्रीय अपस्मार दिन असतो, त्या दिवशीही चालेल. त्या पानावर निष्कर्षाखाली एवढं जरूर लिहा:

झटका आला की घड्याळ बघा. आसपासचे दगड, चूल, अवजारं दूर करा. डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवा, गळ्याजवळचे कपडे सैल करा. झटके थांबत आले की कुशीवर वळवा. तोंडात चमचा, बोट, पाणी, काहीही घालू नका. हातपाय दाबून धरू नका. कांदा, चप्पल नको. पाच मिनिटांत थांबलं नाही, शुद्ध न येता दुसरा झटका आला, बाई गरोदर असली, पाण्यात पडली असली किंवा आयुष्यातला पहिलाच झटका असला, तर १०८ ला फोन करा. आणि तोपर्यंत अंगावर एक ओढणी, एक चादर टाका. बघ्यांना मागे सरकवा.

त्या एका पानाने पुढच्या शुक्रवारी बाजारात कुणी कांदा शोधायला धावण्याऐवजी चादर शोधायला धावलं, तर तुमचा रिपोर्ट पास झाला असं समजा.